मामाच्या चौकटीतली खूण

१

गुडघ्याच्या एका साध्या शस्त्रक्रियेसाठी शनिवारी सकाळी आत गेलेली शिट्टीबाई दुपारी चादरीखाली झाकलेली बाहेर आली.

शिट्टीबाई म्हणजे शाळेतली क्रीडाशिक्षिका. गळ्यात सदा शिट्टी, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव आधी पालकांच्या आणि मग मुख्याध्यापकांच्याही तोंडी बसलं. चाळिशी उलटली तरी दोराला धरून छतापर्यंत चढायची. अशाच एका दोरावरून उतरताना पाय मुरगळला आणि गुडघ्यातली गादी फाटली. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे, शिवून टाकू.

भूल दिल्यावर थोड्याच वेळात तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं. ताप असा चढला की हात लावणाऱ्या परिचारिकेनं हात मागे घेतला. उतारा होता, तो दिला; शरीरानं ऐकलं नाही. काही घराण्यांत भुलेच्या ठरावीक वायूंचं वावडं रक्तातूनच येतं, असं डॉक्टरांनी नंतर नवऱ्याला समजावून सांगितलं.

नवरा चष्मेवाला. बाजारपेठेत त्याचं चष्म्याचं दुकान, म्हणून सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. सगळे विधी उरकले, पाहुणे पांगले, तेव्हा तो पुन्हा त्याच इस्पितळात गेला. डॉक्टरांकडे गेला नाही. तळमजल्यावर कोपऱ्यात एक टेबल होतं, तिथे एक ताई टॅब घेऊन बसायची. शस्त्रक्रियेआधी प्रत्येक रुग्णाला शेजारी बसवून ती त्याच्या घराण्यातली दुखणी विचारायची आणि टॅबवर वंशावळ मांडायची: कोण कशानं आजारी, कोण कशानं गेलं. सारं इस्पितळ तिला वंशावळवाली म्हणायचं.

"ताई, तुम्ही त्या दिवशी तिच्या मामाच्या चौकटीवर लाल खूण केली होती," चष्मेवाला म्हणाला. "माझ्यासमोर केलीत. तिचा मामा भुलेतच गेला होता, हे तिनं तुम्हाला सांगितलं. मग तिला तीच भूल का दिली?"

वंशावळवालीनं टॅब उघडला. चौकटी आल्या. आई, वडील, बहीण, भाची. मामाच्या चौकटीवर तिचं बोट थांबलं.

चौकट पांढरीफटक होती. खाली मृत्यूचं वेगळंच कारण लिहिलेलं होतं. तिनं टॅब छातीशी धरला.

"खूण नाहीये," ती कशीबशी म्हणाली. "दादा, कुणीतरी खूण काढून टाकलीय."

२

चष्मेवाल्यानं पोलिसांत तक्रार दिली आणि प्रकरण फौजदारबाईंकडे आलं.

फौजदारबाईंना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. त्यामुळे समोरच्याला त्या प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायला लावत. पोलीस ठाण्यात यावरून चेष्टा चाले. पण या कानानं जेवढे चोर पकडले तेवढे दुसऱ्या कुणाच्या शाबूत कानांनी पकडले नव्हते. खरं बोलणारा दुसऱ्यांदा वैतागून तेच सांगतो. खोटं बोलणारा दुसऱ्यांदा थोडं सुधारून सांगतो.

इस्पितळाच्या व्यवस्थापकांचं म्हणणं सरळ होतं: वंशावळवाली खूण करायला विसरली आणि आता अंगाशी आल्यावर कांगावा करतेय. वंशावळवाली रडून रडून लाल झाली होती, पण दोन्ही वेळा तिनं शब्दाला शब्द तेच सांगितलं.

"मी केली होती. आणि हे बघा, यंत्रच सांगतंय. शुक्रवारी संध्याकाळी मामाची चौकट बदललीय. इथून नाही, बाहेरून."

"बाहेरून कशी बदलेल?"

"घरच्यांना आम्ही लिंक पाठवतो. रुग्णाला सगळं कुठे आठवतं? काकाला मधुमेह, आत्याला दमा, हे घरातली जाणती माणसं आपापल्या फोनवरून भरतात. या घरात चौघांना दिली होती. शिट्टीबाई, त्यांचे मिस्टर, थोरली बहीण आणि मामी."

"मग कुणाच्या फोनवरून बदललं?"

"शिट्टीबाईंच्याच."

सोबतचा म्हातारा हवालदार हळूच म्हणाला, "म्हणजे बाईनं आपलं मरण आपल्याच हातानं लिहिलं म्हणायचं."

फौजदारबाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या टॅबवर वाकून बघत होत्या. पांढऱ्या चौकटीखाली लिहिलं होतं: पोहताना बुडून मृत्यू.

"नुसती खूण पुसायची सोडून हे कशाला लिहिलं?"

"नुसती पुसता येत नाही. मेलेल्या माणसाचं कारण रिकामं ठेवलं तर यंत्र पुढे जाऊच देत नाही. एक काढलं की दुसरं लिहावंच लागतं."

"हे शब्द आणखी कुणी वाचले?"

"मी आणि आता तुम्ही. त्यांच्या मिस्टरांना मी दाखवलं नाही. धीर झाला नाही."

"छान केलंत. कुणालाच दाखवू नका. आणि ही खूण ठेवली असती तर नक्की काय झालं असतं?"

"मामा लाल झाला की त्याच्या रक्ताची माणसं आपोआप पिवळी होतात. बहीण, बहिणीच्या मुली, नात. मग भूल देणारे डॉक्टर सावध होतात. दुसरी भूल देतात. बस, एवढंच. एवढ्यानं वाचल्या असत्या हो त्या."

३

भूलतज्ज्ञ आपल्या खोलीत पडदा ओढून बसला होता. दाढी वाढलेली. त्यानं खुर्ची पुढे केली, पण स्वतः उभाच राहिला.

"खूण असती तर मी कमरेतून भूल दिली असती. ते वायू आत येऊसुद्धा दिले नसते."

"तोंडानं विचारलं नाहीत?"

"विचारलं. टॅब माझ्या हातात होता. म्हटलं, यात भरलेलं सगळं बरोबर आहे ना? ती हो म्हणाली."

"काय म्हणाली?"

"हो म्हणाली," तो मोठ्यानं म्हणाला. मग खाली बसला. "बाई, पूर्वी आम्ही सरळ विचारायचो. घरात भुलेचा कुणाला त्रास झालाय का? आता ते टॅब विचारतो, म्हणून आम्ही टॅबला विचारतो. एका वाक्याचा प्रश्न होता."

"ती लगेच हो म्हणाली?"

त्यानं आठवून पाहिलं. "नाही. आधी भाचीकडे पाहिलं. भाची बॅग धरून पायाशी उभी होती. मला वाटलं, घाबरलीय, धीर शोधतेय. सगळेच घरच्यांकडे बघतात. मग म्हणाली, हो, सगळं बरोबर आहे."

"नवरा कुठे होता?"

"खाली, दाखल करायच्या खिडकीपाशी. सगळी घाईच झाली होती. तिची शस्त्रक्रिया खरं तर पुढच्या आठवड्यात होती. शनिवारी सकाळी दुसऱ्या रुग्णाला ताप आला, जागा रिकामी झाली, म्हणून आम्ही फोन केला. उपाशी असाल तर आजच या."

बाहेर पडल्यावर हवालदार म्हणाला, "बाई, नवऱ्याकडे बघा. दुकानात एक बाई चष्म्याची दांडी नीट करायला रोज येते म्हणे. इतकी दांडी कुणाची मोडते?"

"आणि नवऱ्यानंच बायकोला मारलं तर तो इस्पितळात जाऊन खूण कुठे गेली म्हणून विचारेल?" फौजदारबाई म्हणाल्या. "सगळे दैवाला दोष देऊन मोकळे झाले होते. तो गप्प बसता तर कुणी चौकटीकडे बघितलंही नसतं. पुरलेलं प्रेत स्वतः उकरणारा खुनी मी अजून पाहिला नाही."

"मग राहिलं कोण?"

"घर राहिलं," फौजदारबाई म्हणाल्या.

४

घर दोन मजली, अरुंद. वर चष्मेवाला आणि शिट्टीबाई. खाली थोरली बहीण, तिची मुलगी आणि मामी. थोरली टपाल कचेरीत कामाला. नवरा मुलीच्या लहानपणीच वारलेला. मामी म्हणजे त्या मेलेल्या मामाची बायको. मूलबाळ नाही, म्हणून भाच्यांनी सांभाळलेली. म्हातारी झाली तरी जीभ कात्रीसारखी.

"तू काय विचारणार ते मला ठाऊक आहे," मामी फौजदारबाईंना म्हणाली. "लिंक का फिंक ती मला पाठवली होती. मला फोन कानाला लावता येतो, बोटानं टोचता येत नाही. पुढे विचार."

"मामा कसे गेले, मामी?"

"भुलेत. पाय जन्मापासून अधू, कुबडी घेऊन चालायचे. एक डॉक्टर म्हणाला सरळ करून देतो. हुरळले. मी म्हटलं, वाकड्या पायानं संसार केलात, आता सरळ करून कुठे पळायचंय? ऐकलं नाही. गेले ते उठलेच नाहीत. अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं, एवढं आठवतं."

"पोहायला वगैरे जायचे का कधी?"

मामीनं फौजदारबाईंकडे बघितलं, जणू हिचं डोकं ठिकाणावर नाही. "पोहायला? अगं, नदीवरच्या पुलावरून जायचं तरी माझा दंड धरायचे. पाण्याचं नाव काढलं की घाम फुटायचा. आंघोळीच्या बादलीशीसुद्धा जपून वागायचा तो माणूस."

"हे घरात सगळ्यांना माहीत?"

"ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत. थोरली लहानपणी त्यांची कुबडी पळवायची. धाकटी मांडीवर खेळायची. जावई आणि नात मागाहून आले, त्यांनी कुठे बघितलं?"

"शुक्रवारी संध्याकाळी इथे कोण कोण होतं?"

"मी आणि थोरली स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. जावई दुकानात. वरच्या खोलीत मावशी-भाची. ही आडवी पडलेली, ती उशाशी." मामी थांबली. पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. "खिदळत होत्या दोघी. छप्पर उडेल इतक्या. मी खालून ओरडले, गुडघा मोडलाय की अक्कल? आणखीच हसल्या. तिचं ते शेवटचं हसणं मी ऐकलं, आणि त्यावर ओरडले."

तेवढ्यात भाची पाण्याचा पेला घेऊन आली. विशीतली, उंच, खांदे रुंद. तिनं पेला ठेवला आणि कुणाकडे न बघता परत गेली.

जिन्यावर चष्मेवाला भेटला. फौजदारबाईंनी सहज विचारलं, "ही काय करते?"

"अग्निशमन दलात जायचंय तिला. माझ्या बायकोनंच वेड लावलं. स्वतःच्या तरुणपणी बायकांना घेत नव्हते, म्हणून हिच्यावर सगळी हौस. पहाटे धावायला न्यायची, दोरावर चढवायची. दोर दाखवतानाच तर तो गुडघा..." त्यानं कठडा धरला. "सोमवारी तिची शारीरिक तपासणी होती, त्याच इस्पितळात. ती नाही म्हणत होती. मीच म्हटलं, जा. मावशीची इच्छा होती. पास झाली."

फौजदारबाईंनी उजवा कान पुढे केला. "कधी होती म्हणालात?"

"सोमवारी. ही गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी."

५

वंशावळवालीनं फोनवर सांगितलं ते असं: दलात भरती होणाऱ्यांची वंशावळही याच यंत्रात बघतात. पिवळा माणूस निघाला की त्याला थांबवतात. पुढची तपासणी म्हणजे मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. उत्तर येईतो भरती संपलेली असते.

"सोमवारी ती पोरगी कोणत्या रंगाची होती?"

"पांढरी," वंशावळवाली म्हणाली.

फौजदारबाईंनी फोन ठेवला. ठाण्याच्या दाराशी थोरली उभी होती. कचेरीतून परस्पर आली असावी. खांद्याला पिशवी तशीच. केस विस्कटलेले, पण आवाज थंड.

"माझा जबाब लिहून घ्या. मी बदललं ते."

"बसा, ताई."

"बसत नाही. माझ्या मुलीची भरती होती. शुक्रवारी धाकटीला गोळीनं झोप लागली होती. मी तिचा अंगठा फोनवर टेकवला आणि मामाची लाल खूण पुसली. तिची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात होती, तोवर परत करणार होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी अचानक बोलावलं. मी कचेरीत होते. मला कळलं तेव्हा सगळं संपलं होतं. माझ्या हातून बहीण मेली. लिहा."

हवालदारानं लेखणी उचलली. फौजदारबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मला कमी ऐकू येतं. पुन्हा सांगा. काय केलंत?"

"खूण पुसली."

"नुसती पुसली?"

"हो."

"यंत्र नुसती पुसू देत नाही, ताई. दुसरं कारण लिहावं लागतं. तुम्ही काय लिहिलंत?"

थोरलीची नजर हलली. "हृदयविकार," ती म्हणाली. "हो, आठवलं. हृदयविकार लिहिलं."

"तसं लिहिलेलं नाही."

"मग... म्हातारपण लिहिलं असेल. मला नीटसं आठवत नाही. डोकं ठिकाणावर होतं का माझं?"

"त्याच संध्याकाळी वर दोघी खिदळत होत्या, असं मामी सांगतात. तुम्ही त्यांच्याशेजारी भाजी निवडत होतात. मग झोपलेल्या बहिणीचा अंगठा कधी धरलात?"

थोरली आता बसली.

फौजदारबाईंचा आवाज खाली आला. "तिथे लिहिलंय, पोहताना बुडून मृत्यू. तुमचे मामा कुबडी घेऊन चालायचे. पाण्याला भ्यायचे. ज्या माणसाची कुबडी तुम्ही लहानपणी पळवलीत, त्याच्याबद्दल खोटं लिहायची वेळ आली तर तुमच्या हातून हजार कारणं लिहिली जातील, पण तो पोहत होता असं कधी लिहिलं जाणार नाही. ते सुचतं फक्त त्याला, ज्यानं मामाला कधी डोळ्यांनी बघितलंच नाही. घरात अशी माणसं दोन. एकानं स्वतः येऊन तक्रार केली. आणि त्याच्याकडे लिंक होती. त्याला दुसऱ्याचा फोन लागला नसता. लिंक जिला दिलीच नव्हती, तिलाच मावशीचा फोन लागला."

"नका," थोरली म्हणाली. "बाई, माझी एक तर गेलीय. दुसरी नका नेऊ."

६

भाचीला आणायला जावं लागलं नाही. आई कुठे गेली हे कळल्यावर ती आपणहून ठाण्याच्या पायऱ्या चढत होती.

फौजदारबाईंनी थोरलीला शेजारच्या खोलीत बसवलं आणि मुलीसमोर एक स्टूल ओढून घेतलं.

"मावशी झोपली नव्हती. हो ना?"

मुलीनं मान हलवली. झोपली नव्हती.

"अंगठा तिनंच लावला?"

"तिनंच. मीच आधी रडले होते. वंशावळवाल्या ताईंनी तिला पिवळ्या रंगाचं सांगितलं होतं, ते तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, मग माझी सोमवारची तपासणी गेली. वर्षभर धावले ते पाण्यात गेलं. मावशी म्हणाली, अगं एवढंच ना? सोमवारपर्यंत मामा दुसऱ्या कशानं तरी मरू दे. मंगळवारी त्याला परत भुलेत मारू. माझ्या गुडघ्याला अजून आठवडा आहे." तिनं नाक पुसलं. "तिनं फोन उघडून माझ्या हातात दिला. कारण लिहा म्हणून आलं, तर मी जे पहिलं सुचलं ते लिहिलं. तिनं वाचलं आणि हसत सुटली. म्हणाली, कार्टे, ज्या माणसाला बादलीची भीती त्याला तू पोहायला लावलंस! मग मलाही हसू आवरेना. आजी खालून ओरडली."

"मग बदललं का नाही?"

"ती म्हणाली, राहू दे. मामाला मेल्यावर तरी पोहू दे."

हवालदार लिहायचा थांबला होता.

"शनिवारी?"

"सकाळी फोन आला. मावशीनं काही खाल्लं नव्हतं. लवकर झालं तर लवकर मैदानावर जाईन म्हणाली, तयार झाली. काका गाडी चालवत होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून आम्ही बोललो नाही. वर गेल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, घाबरू नको, मी डॉक्टरांना हळूच तोंडी सांगते. मग डॉक्टर आले. त्यांच्या बरोबर आणखी दोघे होते. टॅब हातात धरून त्यांनी विचारलं, यात भरलेलं सगळं बरोबर आहे ना?"

"आणि तिनं तुझ्याकडे पाहिलं."

मुलीनं पुन्हा नाक पुसलं.

"तुझ्याकडे पाहिलं, असं डॉक्टर सांगतात. कसं पाहिलं?"

"विचारत होती. सांगू का, असं विचारत होती. तिथे सांगितलं असतं तर त्यांनी लगेच टॅबवर लिहिलं असतं. सोमवार गेला असता. ती माझ्यावर सोपवत होती."

"तू काय केलंस?"

"मी खाली बघितलं." ती आताही खालीच बघत होती. "मला वाटलं, ती सांगेलच. मी नाही म्हटलं नव्हतं. मी फक्त खाली बघितलं. तिनं माझ्याकडे बघून मग हो म्हटलं. मला बाहेर पाठवलं. बाहेर बाक होता. मी बाकावर बसून स्वतःला सांगत राहिले की हे वावडं निम्म्याच लोकांत उतरतं. ताई म्हणाल्या होत्या, असेल किंवा नसेल. मी दार वाजवू शकले असते. लाल दिवा लागला तरी वाजवू शकले असते."

शेजारच्या खोलीतून थोरलीच्या रडण्याचा आवाज येत होता. तोंडावर पदर दाबून रडावं तसा.

"आईला कधी कळलं?"

"सोमवारी. पास झाल्याचं सांगितलं तेव्हा तिनं माझं तोंड बघितलं आणि विचारलं. खूण आम्ही पुसली आणि मी खाली बघितलं, एवढं सांगितलं. ती म्हणाली, यापुढे यातला एक शब्द तुझ्या तोंडून निघाला तर मी जीव देईन."

फौजदारबाई उठल्या. नोकरीत त्यांनी विष घातलेलं पाहिलं होतं, गळे आवळलेले पाहिले होते. तिथे निदान राग धरायला जागा असायची. त्यांनी हवालदाराला जबाब मुलीला वाचून दाखवायला सांगितला आणि पाणी प्यायला बाहेर गेल्या. बराच वेळ नळ वाहत राहिला.

७

चष्मेवाल्याला सांगायचं काम हवालदारावर ढकलता आलं असतं. फौजदारबाई स्वतः गेल्या.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं. चष्मेवाल्यानं त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, काचा बदलल्या, पुन्हा वाचायला लावली. माणूस गेल्यावर त्यानं हात पुसले आणि फौजदारबाईंना बसायला सांगितलं.

त्यांनी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. अंगठा, हसणं, कानातलं बोलणं, ती नजर, ती खाली गेलेली मान. तो काउंटरमागे उभा राहून ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं काचेवरचा एक चष्मा सरळ केला.

"तक्रार मी केली होती," शेवटी तो म्हणाला. "ती मागे घेता येईल?"

"आता नाही. आता ती तुमची राहिली नाही. नोंदीत फेरफार झालाय, जीव गेलाय. कोर्ट ठरवील."

"तिला शिक्षा होईल?"

"थोडीफार होईल. दलातली निवड तर गेलीच. वय लहान आहे आणि मावशीची संमती होती, हे वकील मांडेल."

"संमती," तो म्हणाला. त्यानं तो शब्द जिभेवर घोळवला. "रोज रात्री मी तिचा गुडघा शेकायचो. शुक्रवारीही शेकला. मला एक शब्द बोलली नाही. का बोलली नाही, बाई?"

"तुम्ही नको म्हणाला असतात म्हणून."

"म्हटलंच असतं."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"म्हणजे मावशीनं भाचीचा विचार केला," चष्मेवाला म्हणाला. "भाचीनं स्वतःचा केला. थोरलीनं मुलीचा केला. मावशी-भाची त्या खोलीत होत्या, एकमेकींकडे बघत. मी खाली खिडकीपाशी तिचं नाव सांगत होतो." त्यानं काउंटरवर दोन्ही तळवे टेकवले. "माझा विचार कुणीच केला नाही हो."

फौजदारबाई उठल्या. त्या दुकानाच्या पायरीपर्यंत आल्या, तेव्हा मागून आवाज आला.

"पोरीनं काही खाल्लं का?"

"नाही. ठेवलं होतं समोर. शिवली नाही."

त्यानं शटर ओढलं. वाटेत पाव घेतला, केळी घेतली. ठाण्यापर्यंत तो फौजदारबाईंच्या बरोबरीनं चालत आला, पण फाटकाशी त्याचे पाय थबकले. आत जाववेना आणि घरी परतवेना. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर तो पुडकं मांडीवर घेऊन बसला. थोरली बाहेर आली, त्याला पाहून उभी राहिली, आणि काही न बोलता त्याच पायरीवर, हातभर अंतर सोडून, टेकली. दिवेलागण झाली तरी दोघं तशीच बसून होती. पुडकं आत पाठवावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.